दंडाच्या आतल्या बाजूवरची तीन मापे

मिश्र वंशाच्या लोकसमूहात त्वचेचा रंग यंत्राने मोजला, तर त्या समूहाच्या जडणघडणीत कोणत्या मूळ समूहाचा किती वाटा आहे याचा अंदाज कितपत बांधता येतो, हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. नोंदणीपासून अंतिम प्रत सादर करेपर्यंत २ वर्षे आणि ७ महिने गेले, आणि त्यांपैकी प्रत्यक्ष मोजणीचे दिवस होते फक्त १९. उरलेला काळ अर्ज, प्रतीक्षा, दुरुस्त्या, पुन्हा प्रतीक्षा आणि आकडेमोड यांत गेला. असा विषय हाती घेणाऱ्याला पद्धतीवरचे लेख पुष्कळ मिळतात, पण कुठे किती आठवडे अडकून पडायला होते आणि कोणती चूक कुठे होते, हे त्यांत सापडत नाही. म्हणून हे क्रमाने लिहून ठेवते आहे. ज्यांची मोजमापे घेतली त्या लोकसमूहाचे नाव आणि ठिकाण सांगू नये, अशी नीतिमत्ता समितीची अट आहे. त्यांच्या पूर्वजांपैकी काही युरोपातून आणि काही पश्चिम आफ्रिकेतून आलेले होते, इतकेच इथे सांगता येईल.

पहिले चार महिने वाचनात गेले आणि ते वाचन सुखाचे नव्हते. या विषयाचा इतिहास ज्या हातांतून आला आहे त्यांतले सगळेच हात स्वच्छ नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फेलिक्स फॉन लुशान यांची ३६ अपारदर्शक काचेच्या तुकड्यांची पट्टी वापरली जाई. तुकडा त्वचेशेजारी धरायचा आणि डोळ्यांना जुळतो तो क्रमांक लिहायचा. दोन निरीक्षकांचे क्रमांक जुळत नसत, एवढेच नव्हे तर एकाच निरीक्षकाचे सकाळचे आणि संध्याकाळचे क्रमांकही जुळत नसत. चार्ल्स डेव्हनपोर्ट यांनी १९१३ साली गोऱ्या आणि काळ्या पालकांच्या संततीतील रंगाच्या आनुवंशिकतेवर काम प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्या हातात रंगीत भोवरा होता. काळ्या, पांढऱ्या, तांबड्या आणि पिवळ्या कागदाच्या चकत्या एकमेकींत सरकवून भोवरा फिरवायचा, फिरताना दिसणारा मिश्र रंग त्वचेशी जुळेपर्यंत चकत्या कमी-जास्त करायच्या आणि मग काळ्याचा वाटा शेकड्यात नोंदवायचा, अशी ती रीत होती. रंग एकाहून अधिक जनुकांवर अवलंबून असतो हे त्यांनी ओळखले होते, पण त्यांचे सारे काम सुप्रजननवादाच्या, म्हणजे निवडक प्रजननातून माणसांचा वंश ‘सुधारू’ पाहणाऱ्या विचाराच्या, चौकटीतले होते, आणि १९१० साली स्थापन झालेल्या त्या चळवळीच्या नोंदणी कार्यालयाचे ते प्रमुख होते. हे वाचल्यावर आपण नेमके कोणाच्या रांगेत उभे राहायला निघालो आहोत, हा प्रश्न मला आठवडाभर छळत राहिला. मार्गदर्शकांनी एवढेच सांगितले की तो प्रश्न प्रस्तावनेत लिहा, प्रस्तावनेबाहेर ठेवून काम करू नका. प्रबंधाचे पहिले प्रकरण त्यातूनच उभे राहिले.

डोळ्यांच्या जागी यंत्र आले तसा विषय थोडा सुधारला. एडवर्ड्स आणि डन्टली यांनी १९३९ साली जिवंत त्वचेवरून परत येणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट मोजून दाखवला आणि त्वचेच्या रंगात मेलॅनिन या रंगद्रव्याबरोबरच रक्तातील हिमोग्लोबिनचाही हात असतो हे स्पष्ट केले. पुढे १९५० च्या दशकात सहज उचलून नेता येणारी परावर्तनमापक यंत्रे आली. त्यांतल्या एका ब्रिटिश यंत्रात ४२५ ते ६८५ नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचे ९ फिल्टर होते, आणि जगभरच्या जुन्या मापांपैकी बरीचशी त्याच यंत्राने घेतलेली आहेत. ही गोष्ट तेव्हा मी वहीच्या समासात लिहिली आणि विसरले. ती पुढे महागात पडली, ते ओघात येईलच.

मिश्रणाचे गणित दिसायला फार सोपे आहे. फेलिक्स बर्नस्टाइन यांनी १९३१ साली मांडलेल्या सूत्रानुसार मिश्र समूहाचे मूल्य दोन मूळ समूहांच्या मूल्यांच्या मध्ये कुठे पडते ते पाहायचे. समजा, एका मूळ समूहाचा सरासरी मेलॅनिन निर्देशांक (त्वचा जितकी गडद तितका मोठा आकडा) ३०, दुसऱ्याचा ६० आणि मिश्र समूहाचा ३९ असेल, तर ९ ला ३० ने भागायचे आणि दुसऱ्या समूहाचा वाटा ०.३ म्हणून मोकळे व्हायचे. हे सूत्र मुळात जनुकांच्या वारंवारितेसाठी होते. ते रंगाला लावायचे तर मिश्र संततीचा रंग दोन्ही पालकांच्या बरोबर मध्ये पडतो, म्हणजे जनुकांचा परिणाम बेरजेचा असतो, हे आधी गृहीत धरावे लागते. हॅरिसन आणि ओवेन यांनी १९६४ साली लिव्हरपूलमधील युरोपीय, पश्चिम आफ्रिकी आणि मिश्र कुटुंबांची मापे घेऊन हे गृहीतक तपासले. परावर्तन कोणत्या मोजपट्टीवर मांडायचे, सरळ की लॉगॅरिदमवर, यावर बेरजेचे वागणे दिसणार की नाही हे ठरते, असा त्यांच्या कामातून मला झालेला बोध होता. तो मी पहिल्या वर्षी नीट पचवला नाही, हे आज कबूल करते.

नीतिमत्ता समितीकडे अर्ज केला १४ जानेवारीला. अर्जाची १२ पाने, संमतिपत्राचे दोन नमुने, यंत्राच्या सुरक्षिततेची कागदपत्रे आणि माहिती कोण, कुठे, किती वर्षे जपून ठेवणार याचा तक्ता एवढे जोडले होते. पाच आठवड्यांनी ११ शंका आल्या. त्यांतल्या काही कारकुनी होत्या, पण तीन खऱ्या होत्या आणि त्यांच्यामुळे कामाला वळण लागले. पहिली अशी की त्वचेच्या मापाची आणि लाळेच्या नमुन्याची संमती वेगवेगळी घ्यावी, कारण एखाद्याला रंग मोजू देण्यात अडचण नसली तरी जनुकीय तपासणी नको असू शकते. दुसरी, एकेका व्यक्तीला तिच्या पूर्वजांचा वाटा सांगणार की नाही, हे आधीच ठरवून संमतिपत्रात लिहावे. तिसरी, माहितीपत्रकात ‘गोरा’, ‘काळा’, ‘उजळ’ हे शब्द अजिबात नकोत. ‘त्वचेवरून परत येणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण’ असे लिहावे. तिसरी शंका वाचून मी वैतागले होते, कारण असली भाषा कोणाला कळणार असे मला वाटले. प्रत्यक्षात ती भाषा लोकांना नीट कळली, आणि नेहमीच्या शब्दांबरोबर खोलीत जे ओझे शिरले असते ते बाहेरच राहिले. दुसऱ्या फेरीत आणखी चार शंका आल्या आणि परवानगीचे पत्र २० मे रोजी हातात पडले. म्हणजे चार महिने आणि सहा दिवस. इतरांना सुचवायचे तर एवढेच, की यंत्र शरीराच्या कोणत्या जागी टेकवणार याची साधी रेखाकृती अर्जाला आधीच जोडावी. माझ्या ११ शंकांपैकी दोन केवळ ती नसल्यामुळे आल्या होत्या.

यंत्र विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्याची किंमत माझ्या वर्षभराच्या पाठ्यवृत्तीपेक्षा जास्त होती. दुसऱ्या एका विभागाकडून ते उसने मिळाले, पण तिथली रांग सात आठवड्यांची होती. त्या काळात तिथल्याच तंत्रज्ञांकडून मी मोजायला शिकले. एका दुपारचे काम असेल असे मला वाटले होते, प्रत्यक्षात दोन आठवडे लागले. यंत्राचे तोंड त्वचेवर टेकवून बटण दाबायचे, एवढेच काम. पण जरा जोरात टेकवले तर खालच्या केशवाहिन्यांतले रक्त बाजूला सरते आणि तांबूसपणा कमी भरतो. हलके टेकवले तर कडेने बाहेरचा प्रकाश आत शिरतो. हात खाली लोंबता असेल तर रक्त साचून रंग बदलतो, म्हणून दंड टेबलावर हृदयाच्या उंचीला ठेवायचा. स्पिरिटच्या बोळ्याने पुसले तर त्वचा लगेच तांबूस होते, म्हणून पाण्याने पुसून काही मिनिटे थांबायचे. तीळ, केस, शीर, गोंदण टाळायचे. दंडाची आतली बाजू घ्यायची, काख आणि कोपर यांच्या साधारण मध्ये, कारण तिथे ऊन फार लागत नाही आणि रापलेपणाचा हिशेब कमीत कमी मिसळतो. एकाच जागेच्या आसपास तीन मापे घेऊन त्यांची सरासरी नोंदवायची. कपाळाचेही एक माप आम्ही घेत होतो, ते ऊन किती चढले आहे याचा अंदाज यावा म्हणून. सरावाच्या दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी माझ्या तीन मापांतला फरक तंत्रज्ञांच्या फरकाइतका खाली आला, तेव्हा त्यांनी वहीत माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली. त्या खुणेचा आनंद पुढच्या कोणत्याही कागदाने दिला नाही.

मोजणी ऑगस्टमध्ये सुरू झाली आणि चौथ्या दिवशी तोंडघशी पडले. यंत्राला रोज सकाळी पांढरी फरशी दाखवावी लागते. ती किती प्रकाश परत पाठवते हे यंत्राला ठाऊक असते आणि बाकी सर्व मापे त्या हिशेबाने लावली जातात. शिवाय एक करडी फरशी आम्ही तपासणीसाठी सकाळी आणि संध्याकाळी मोजत होतो. चौथ्या संध्याकाळी करडी फरशी आधीच्या नोंदींपेक्षा एका एककाहून जास्त उजळ दिसू लागली. फरशी तर बदललेली नव्हती. पांढरी फरशी दिव्याखाली तिरपी धरून पाहिली तेव्हा तिच्यावर अंगठ्याएवढा पुसट तेलकट डाग होता; सकाळी कोणाच्या तरी हाताचे मलम लागले असणार, आणि तो हात माझाच असण्याची शक्यता सगळ्यांत जास्त होती. मळलेली फरशी कमी प्रकाश परत पाठवते, यंत्र मात्र ती स्वच्छ आहे असे समजते, आणि मग समोरची प्रत्येक गोष्ट असते त्यापेक्षा उजळ भरते. त्या दिवशीची १४ जणांची मापे रद्द करावी लागली. प्रत्येकाला स्वतः जाऊन सांगितले. ९ जण पुन्हा आले, ५ जणांनी नम्रपणे नकार दिला. तेव्हापासून करडी फरशी दिवसातून दोनदा मोजण्याऐवजी दर १० माणसांमागे मोजू लागले आणि पांढरी फरशी झाकणाबाहेर असताना मलमाची बाटली खोलीत येऊ दिली नाही. या विषयात एकच सल्ला द्यायचा झाला तर तो या करड्या फरशीचा देईन.

मोजायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांना यंत्राबद्दल कुतूहल असे, भीती क्वचितच दिसे. दहाव्या दिवशी एक वृद्ध बाई आल्या. त्यांनी बाही वर केली, मी तीन मापे घेतली, आणि त्यांनी पडद्यावरच्या वक्ररेषेकडे बोट दाखवून ती काय आहे असे विचारले. डावीकडे निळा प्रकाश, उजवीकडे तांबडा. रेषा जिथे खाली आहे तिथे त्वचेने प्रकाश शोषला आणि जिथे वर आहे तिथे परत पाठवला, असे मी सांगितले. रेषेच्या मध्यावर ५४२ आणि ५७७ नॅनोमीटरच्या आसपास दोन लहानशा खळग्या होत्या. त्या रक्तामुळे आहेत म्हटल्यावर बाईंनी चष्मा लावून त्या पुन्हा पाहिल्या. मग म्हणाल्या, “आणि माझी आजी कुठून आली होती, ते यात कुठे दिसतं?” त्यात ते दिसत नाही, हे खरे उत्तर मी दिले. बाई हसल्या आणि म्हणाल्या, मग तू एवढ्या लांबून हे यंत्र कशाला आणलंस? त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर त्यानंतरच्या वर्षभराचे विश्लेषण म्हणजे त्या प्रश्नाच्या उत्तराचा शोधच होता.

त्याच आठवड्यात एक सख्खे भाऊ-बहीण आले. आई-वडील तेच, वयात तीन वर्षांचे अंतर, आणि दोघांच्या त्वचेत असा फरक की परस्परांना ओळखत नसलेल्यांनी त्यांना भावंडे म्हटले नसते. घरी यावरून लहानपणापासून थट्टा चालते, असे बहिणीने सांगितले, आणि ते सांगताना ती हसली नाही. दोघांचे मेलॅनिन निर्देशांक मी शेजारीशेजारी लिहिले. त्यांतले अंतर पूर्ण नमुन्याच्या पसाऱ्याच्या एक तृतीयांशाहून जास्त होते. सख्ख्या भावंडांत पूर्वजांचा एकूण वाटा बहुधा जवळजवळ सारखाच निघतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होते, पण कागदावरचे ते दोन आकडे पाहून प्रबंधाच्या मूळ कल्पनेखालची जमीन पहिल्यांदा हलली.

लाळेच्या नमुन्यासाठी साधारण दोन मिलिलिटर लाळ नळीत गोळा करावी लागते आणि त्याआधी अर्धा तास काही खाल्लेले-प्यालेले चालत नाही. ही सूचना भेटीची वेळ ठरवतानाच द्यावी. आम्ही ती दारात दिली आणि पहिल्या दोन दिवसांत अर्धा-अर्धा तास माणसे ताटकळत बसली. नमुने प्रयोगशाळेकडे गेले सप्टेंबरच्या अखेरीस. निकाल आठ आठवड्यांत येणार होते, ते आले २२ आठवड्यांनी. एकूण निधीतला सर्वांत मोठा वाटा या तपासणीने घेतला, म्हणून सर्वांची तपासणी न करता संमती दिलेल्यांपैकी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्यांचीच केली. ही निवड रंग पाहून करू नका, असे मार्गदर्शकांनी बजावले होते. रंगाच्या दोन टोकांचीच माणसे निवडली असती तर रंग आणि पूर्वजांचा वाटा यांच्यातला सहसंबंध (० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पक्का संबंध) होता त्यापेक्षा मोठा दिसला असता.

वाट पाहण्याच्या त्या २२ आठवड्यांत मी त्वचेच्या मापांचे विश्लेषण केले. मेलॅनिन निर्देशांक काढताना तांबड्या पट्ट्यातले, साधारण ६५० नॅनोमीटरचे परावर्तन घेतात, कारण तिथे हिमोग्लोबिनचे शोषण फार कमी असते आणि जे शोषले जाते ते मुख्यतः मेलॅनिनमुळे असे धरता येते. परावर्तनाच्या व्यस्ताचा दहाच्या पायाचा लॉगॅरिदम काढून १०० ने गुणायचे. निम्मा प्रकाश परत आला तर निर्देशांक ३०.१, एक चतुर्थांश आला तर ६०.२. दुसरी रीत उजळपणा आणि पिवळसरपणा यांवरून काढलेल्या कोनाची आहे. उजळपणातून ५० वजा करून पिवळसरपणाने भागायचे आणि त्याचा व्यस्त टॅन्जंट अंशांत मांडायचा. उजळपणा ६० आणि पिवळसरपणा १८ असेल तर कोन २९ अंशांच्या आसपास येतो. दोन्ही रीतींनी माणसांचा क्रम जवळपास तोच लागला, पण पिवळसरपणा कमी असलेल्या काहींच्या बाबतीत कोन उगाच उड्या मारत होता, म्हणून मी निर्देशांकच ठेवला.

आता समासातली ती नोंद. बर्नस्टाइनच्या सूत्राला मूळ समूहांची मूल्ये लागतात, आणि ती मी स्वतः मोजलेली नव्हती. जुन्या प्रकाशित तक्त्यांतून घेणार होते. ते तक्ते ९ फिल्टरांच्या त्या जुन्या यंत्राचे होते, आणि माझे यंत्र दर १० नॅनोमीटरला एक आकडा देणारे. दोन यंत्रांची मापे थेट एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. लीस आणि बायर्ड यांनी बेलीझमधील लोकांची दोन वेगळ्या यंत्रांनी मापे घेऊन १९७८ साली रूपांतराची सूत्रे दिली, ती याच अडचणीपोटी. माझ्या यंत्रासाठी तसे सूत्र हाताशी नव्हते. पहिल्या मसुद्यात मी हे सगळे विसरून भागाकार करून टाकला होता आणि उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिले होते. मार्गदर्शकांनी त्या आकड्याभोवती तांबडे वर्तुळ काढून शेजारी फक्त ‘कोणाचे यंत्र?’ असे लिहिले. त्या दोन शब्दांपायी तीन महिने गेले. शेवटी मूळ समूहांच्या मूल्यांसाठी एक आकडा न घेता शक्य मूल्यांचा पट्टा घेतला, आणि मिश्रणाच्या वाट्याचे उत्तरही मग पट्ट्यातच आले. पट्टा इतका रुंद होता की तो पाहून मला एक दिवस काही सुचले नाही. तरीही तो प्रामाणिक होता. मूळ समूहांची मूल्ये स्वतः त्याच यंत्राने मोजता येत नसतील तर हे सूत्र रंगाला लावू नये, असे माझे आता मत आहे.

जनुकीय निकाल आले फेब्रुवारीच्या शेवटी. मूळ समूहांत ज्यांच्या वारंवारितेत मोठा फरक असतो असे चिन्हक, म्हणजे डीएनएतल्या ओळखीच्या जागा, वापरून प्रत्येक व्यक्तीचा वंशांश, म्हणजे तिच्या एकूण जनुकसंचात कोणत्या बाजूच्या पूर्वजांचा किती भाग आहे, याचा अंदाज काढला आणि तो मेलॅनिन निर्देशांकासमोर मांडला. ठिपक्यांचा ढग तिरपा होता, म्हणजे संबंध होता. पण ढग जाडजूड होता. कोणत्याही एका निर्देशांकावर बोट ठेवले तर त्यासमोर फार वेगवेगळे वंशांश असलेली माणसे सापडत होती. इतरांच्या कामातही हेच दिसते. पारा आणि सहकाऱ्यांनी २००४ साली पाच मिश्र समूहांत हीच तुलना केली, तेव्हा पोर्तो रिकोच्या गटात सहसंबंध सुमारे ०.६३ होता तर मेक्सिकोच्या गटात अवघा ०.२१ च्या आसपास. त्याआधी २००३ मध्ये ब्राझीलवरच्या कामात दिसले होते की डॉक्टरांनी बाह्य रूप पाहून लावलेल्या रंगाच्या वर्गावरून एखाद्या व्यक्तीच्या आफ्रिकी पूर्वजांचा वाटा सांगणे भरवशाचे नाही.

हा फरक समूहासमूहांत का पडतो, हे समजून घेताना मला या विषयाची खरी गोडी लागली. मिश्रण नुकतेच झाले असेल, किंवा लोक आपल्यासारख्याच रंगाच्या जोडीदारांशी लग्ने करत राहिले असतील, तर रंगाची जनुके आणि बाकीचा वंशांश एकत्रच फिरतात. सरमिसळ मोकळी झाली तर दर पिढीला व्यक्तीव्यक्तींतला वंशांशाचा फरक आकसत जातो आणि रंगाची जनुके बाकीच्या जनुकसंचापासून सुटी होतात. रंग मात्र तेवढाच वैविध्यपूर्ण राहू शकतो, कारण त्याच्यावर मोठा परिणाम करणाऱ्या जागा थोड्या आहेत. एसएलसी-२४-ए-५ हे त्यांतले ठळक जनुक. २००५ साली लॅमसन आणि सहकाऱ्यांनी झेब्रा माशाच्या सोनेरी वाणावरून त्याचा माग काढला, आणि युरोपीय व आफ्रिकी समूहांतील मेलॅनिन निर्देशांकाच्या फरकापैकी २५ ते ३८ टक्के फरकाशी त्याचा संबंध असल्याचा अंदाज मिश्र समूहांच्या मापांवरून मांडला. माझ्या यादीतली ती दोन भावंडे, जी आता माझ्यासाठी दोन सांकेतिक क्रमांक होती, वंशांशात जवळजवळ सारखी निघाली आणि नेमकी या जागी वेगळी. मी तक्ता तीनदा तपासला. घरातल्या त्या थट्टेचे मूळ बऱ्याच अंशी डीएनएतल्या एका अक्षराच्या बदलात होते, आणि ते त्यांना सांगायला मला परवानगी नव्हती.

त्वचेचा रंग या कामासाठी मोह घालणारा का ठरतो, याचे उत्तर रेलेथफर्ड यांच्या २००२ सालच्या हिशेबात मिळाले. जगभरच्या मानवी समूहांतील त्वचेच्या रंगाच्या वैविध्यापैकी ८८ टक्के भाग भौगोलिक प्रदेशांमध्ये असतो. याउलट १९७२ साली लेवॉन्टिन यांनी तपासलेल्या जनुकीय चिन्हकांत सुमारे ८५ टक्के वैविध्य एकेका समूहाच्या आतच होते. रंगाचे हे वेगळेपण अतिनील किरणांच्या तीव्रतेशी जुळलेल्या नैसर्गिक निवडीतून आले आहे. म्हणूनच मेलानेशियातील आणि आफ्रिकेतील गडद त्वचा जवळच्या नात्याची खूण ठरत नाही, आणि पूर्व आशियातील उजळपणा युरोपातल्यापेक्षा बराचसा वेगळ्या जनुकांमुळे येतो. मूळ समूह कोणते हे इतिहासातून आधीच पक्के ठाऊक असेल आणि त्यांच्या रंगांत मोठे अंतर असेल, तरच हे मापन समूहाच्या पातळीवर काही बोलते. वृद्ध बाईंना त्या दिवशी द्यायचे उत्तर मला इथे, सुमारे दीड वर्षाने सापडले: यंत्र आणले ते त्यांच्या आजीचा शोध घ्यायला नव्हे, तर त्यांच्या गावात रंग आणि पूर्वज यांची गाठ अजून किती घट्ट आहे ते पाहायला.

समूहाच्या निकालांचे एक पानी पत्रक आम्ही तिथे वाटले. त्यात एकाही व्यक्तीचा आकडा नव्हता. दोन्ही बाजूंचे पूर्वज जवळपास प्रत्येकात आहेत आणि कोणाचा रंग पाहून त्याचे प्रमाण सांगता येत नाही, ही दोन वाक्ये त्यात ठळक अक्षरांत होती.

मौखिक परीक्षा जूनमध्ये झाली. बाह्य परीक्षकांनी ४० मिनिटे मूळ समूहांच्या पट्ट्यावरच प्रश्न विचारले, आणि तो पट्टा रुंद ठेवला नसता तर मी तिथून उठू शकले नसते. त्यांनी दोन दुरुस्त्या सांगितल्या. पहिली किरकोळ होती. दुसरी शीर्षकाची: नोंदणीच्या वेळी मी ‘त्वचेच्या रंगावरून वंशमिश्रणाचे मापन’ असे लिहिले होते, त्याऐवजी ‘वंशमिश्र समूहातील त्वचेच्या रंगाचे मापन’ असे करावे. शब्द बहुतेक तेच, पण शीर्षक बदलायला वेगळा अर्ज लागतो, त्यावर मार्गदर्शक, विभागप्रमुख आणि समिती अशा तीन सह्या लागतात, आणि ‘बदलाचे कारण’ या रकान्याला एकच ओळ दिलेली असते. मी ‘विश्लेषणाच्या निष्कर्षानुसार’ असे लिहिले. अर्ज मंजूर होऊन यायला आणखी पाच आठवडे लागले.